नळीला बाक देताना

दोस्तांनो, एक खोडी तुम्ही कधी ना कधी केलेलीच असणार. ताई अंगणात झाडांना पाणी घालतेय, लांबलचक रबरी पाइप अंगणभर पसरलाय, आणि तुम्ही हळूच मागे जाऊन त्या पाइपची घडी घालून धरता. पाणी बंद! ताई पाइपच्या तोंडात डोकावून बघते, आणि नेमक्या त्याच क्षणी तुम्ही हात सोडता. पुढचं सांगायला नको. (माझ्या वेळी पुढे एक धपाटाही होता.)

पण हसण्याच्या नादात एक गोष्ट बघायची राहून जाते. पाइप इतका मऊ, हवा तसा वळतो. मग एका ठिकाणी तो वळायचं सोडून मोडल्यासारखा का होतो? पुन्हा कधी हातात आला तर मुद्दाम सावकाश वाकवून बघा. बराच वेळ काही होत नाही. बाक लहान लहान होत जातो. आणि मग एकदम नळीचं पोट पाठीला चिकटतं. घडी पडते. आणि एकदा घडी पडली की पुढचं सगळं वाकणं तिथेच होतं, बाकीची नळी सरळच राहते.

रबराचं बरं असतं. हात सोडला की पुन्हा गोल. तांब्याच्या नळीचं तसं नाही. ती एकदा चिमटली की चिमटली. म्हणून ती वाकवण्यासाठी खास हत्यारं आहेत, युक्त्या आहेत, आणि त्याच आज या सदरात घेऊ.

आधी सांगा, तांब्याची नळी तुम्ही पाहिलीय कुठे? घरातल्या नळाला म्हणाल तर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पूर्वी जस्त चढवलेला लोखंडी पाइप असे, आता प्लॅस्टिकचा असतो. ब्रिटनमध्ये मात्र घरातलं पाणी खेळवायला वर्षानुवर्षं तांब्याचीच नळी वापरली गेली. तिथला प्लंबर पंधरा मिलिमीटरची नळी घेतो, तिच्या पोटात एक लांब स्प्रिंग सरकवतो आणि चक्क गुडघ्यावर धरून वाकवतो. आपल्याकडे तांब्याची नळी बघायची तर फ्रिजच्या मागे डोकवा. एसीच्या भिंतीतल्या यंत्रातून बाहेरच्या यंत्राकडे जाणाऱ्या दोन नळ्या बघा, एक बारीक, एक जाड. इस्पितळात खाटांपर्यंत ऑक्सिजन येतो तोही बहुधा तांब्याच्या नळीतूनच.

मी ही नळी पहिल्यांदा हातात धरली ती १९८२ च्या मे महिन्यात. नववीची परीक्षा संपली होती. मामा म्हणाला, "घरात बसून आंबे खाण्यापेक्षा काहीतरी शीक," आणि तालुक्याच्या गावी त्याच्या ओळखीच्या एका मिस्त्रींकडे मला नेऊन बसवलं. फ्रिज, वॉटर कूलर, बर्फाची यंत्रं दुरुस्त करायचं त्यांचं छोटं दुकान होतं. पहिले आठ दिवस मी चहा आणला आणि कचरा काढला. पण कान उघडे होते. दुकानात कुणी 'तीन अष्टमांश इंच' म्हणत नसे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाव इंची नळी म्हणजे दोन सुती, तीन अष्टमांशची तीन सुती, अर्ध्या इंचाची चार सुती. आजही कुठल्याही जुन्या मिस्त्रींकडे जाऊन "तीन सुती नळी आहे का?" असं विचारा. तुम्हाला धंद्यातलं काही कळतं असा त्यांचा निदान दोन मिनिटं तरी समज होईल.

एक गंमत मात्र लक्षात ठेवा. फ्रिजवाल्याचं सूत नळीच्या बाहेरच्या अंगाने मोजतात. अमेरिकेतला पाण्याचा प्लंबर तांब्याच्या ज्या नळीला अर्धा इंची म्हणतो, ती बाहेरून मोजली तर पाच सूत भरते! एकाच आकड्याची नळी दोन दुकानांत दोन मापांची.

तर नवव्या दिवशी काम निघालं एका दूध संकलन केंद्राचं. गावोगावचं संध्याकाळचं दूध तिथे यायचं, रात्रभर थंड खोलीत राहायचं आणि पहाटे ट्रकने पुढे जायचं. खोली थंड करणारं यंत्र मागच्या पडवीत होतं. तिथून खोलीपर्यंत नवी तीन सुती नळी टाकायची होती, आणि वाटेत एक खांब आडवा येत होता. खांबाला वळसा घालून काटकोनात बाक द्यायचा, एवढंच. मिस्त्री म्हणाले, "मी एक सामान घेऊन येतो. तोवर गुंडाळी सोडवून ठेव. बाकाला हात लावू नको."

गुंडाळी सोडवणं हे सुद्धा काम असतं बरं का. मऊ तांब्याची नळी चकलीसारखी गुंडाळलेली येते. ती स्प्रिंगसारखी दोन टोकं धरून ओढायची नसते, तशी ओढली तर तिला पीळ पडतो. एक टोक जमिनीवर पायाने हलकेच दाबून धरायचं आणि गुंडाळी चाकासारखी पुढे लोळवत न्यायची. नळी आपोआप सरळ होऊन मागे पडत जाते. हे मी छान केलं. तोंडात धूळ जाऊ नये म्हणून टोकांना टोपण ठेवलं, तेही केलं. आणि मग बसून राहवेना.

इतकी मऊ तर नळी! मी ती गुडघ्यावर टेकवली, दोन्ही हातांनी धरली आणि दाबली. छान वळायला लागली. अजून थोडी दाबली. आणि हाताला एकदम काहीतरी 'सुटल्यासारखं' जाणवलं. आवाज सुद्धा झाला नाही. बघतो तर आतल्या बाजूला आडवी घडी, आणि नळी तिथे चपटी.

मी काय केलं असेल? पकड घेतली, चपट्या जागेला दोन्ही बाजूंनी दाबून ती पुन्हा गोलसर केली. बाहेरून बरी दिसायला लागली. उरलेली सुरकुती खांबाच्या मागे येईल अशी नळी बसवली, वर पट्टी गुंडाळली आणि त्या पट्टीवरच क्लॅम्प ठोकला. मिस्त्री घाईत आले. बाक बघून म्हणाले, "केलास होय? बरं." दोन्ही टोकं जोडली, यंत्रात वायू भरला. खोली थंड झाली. मला सरबत मिळालं.

आता गोष्ट इथेच थांबवून जरा आकडेमोड करू. नळी चिमटते का, हे त्यातूनच कळणार आहे.

तीन सुती नळी म्हणजे बाहेरून साधारण साडेनऊ मिलिमीटर. भिंतीची जाडी मिलिमीटरहून कमीच. समजा तिला काटकोनाचा बाक दिला. बाक म्हणजे वर्तुळाचा चौथा भाग. नळीच्या मध्यरेषेची त्रिज्या २० मि.मी. धरू. चौथ्या भागाची लांबी काढा पाहू. ३१ मि.मी. आणि थोडं वर. आता बाकाची बाहेरची कड घ्या. तिची त्रिज्या पावणेपाच मि.मी.ने जास्त, म्हणून लांबी ३९ मि.मी. आणि आतली कड फक्त २४. वाकवण्याआधी तिन्ही लांब्या सारख्याच होत्या! म्हणजे बाहेरची भिंत ३१ वरून ३९ वर ताणली गेली आणि आतली ३१ वरून २४ वर गोळा झाली. ताणलेली बाजू पातळ होते आणि शक्य तितका जवळचा रस्ता धरते, म्हणजे नळीच्या पोटाकडे ओढली जाते. गोळा झालेल्या बाजूला जास्तीचं तांबं ठेवायला जागा नसते, म्हणून ती सुरकुतते. एक बाजू खाली येतेय, दुसरी आत घुसतेय, आणि मध्ये आहे काय? पोकळी. कुणी अडवणारच नाही.

आता त्रिज्या मोठी करा. ६० मि.मी. घ्या. मध्यरेषा ९४, बाहेरची कड १०२, आतली ८७. वजाबाकी करून बघा. पहिल्या बाकात बाहेरची आणि आतली यांच्यात फरक होता १५ मि.मी. दुसऱ्यातही १५ च! तुम्ही आणखी मोठा बाक घ्या, हा फरक हलत नाही. काटकोनासाठी तो नळीच्या जाडीवरच ठरतो. त्रिज्येचा संबंधच नाही. (कागदावर सूत्र मांडलं तर त्रिज्या कशी उडून जाते ते दिसेल. आठवी-नववीच्या मंडळींनी मांडाच.) मग मोठ्या बाकात फायदा काय? हाच की तेवढीच ताण-दाब जास्त लांबीवर वाटली जाते. ३१ चे ३९ करणं वेगळं आणि ९४ चे १०२ करणं वेगळं.

आमच्या मिस्त्रींना हे सूत्र माहीत नव्हतं. त्यांचा नियम साधा होता, "नुसत्या हातानं वाकवायची तर नळीच्या जाडीच्या पाचपटीच्या आत त्रिज्या घ्यायची न्हाई." तीन सुती नळीला ही त्रिज्या पाच सेंटिमीटरच्या जवळ जाते. मी गुडघ्यावर किती घेतली होती? माझा गुडघा तेव्हा चांगलाच टोकदार होता.

आता संकलन केंद्राकडे परत चला. तिसऱ्या दिवशी सकाळी सातलाच दुकानात निरोप आला. रात्रीचं सहा कॅन दूध, चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. ट्रकवाल्याने नेहमीप्रमाणे नमुना उकळून पाहिला तर दूध फाटलं. त्याने सहाच्या सहा कॅन घेतले नाहीत. पहिले दोन दिवस खोली रिकामी होती, म्हणून यंत्राला थंडावा पुरला. कोमट दूध आत आल्यावर पुरला नाही. दोन म्हशींची, तीन म्हशींची माणसं ती. कुणी दोन लिटर घातलेलं, कुणी चार. ती केंद्राच्या दारात उभी होती. ओरडत कुणी नव्हतं. एक आजी आपली रिकामी चरवी हातात धरून नुसत्याच पायरीवर बसल्या होत्या.

मिस्त्रींनी यंत्र तपासलं. ते व्यवस्थित चालू होतं. मग त्यांनी नळीवर हाताचा तळवा ठेवला आणि पडवीपासून खोलीकडे सरकवत निघाले. खांबापाशी थांबले. मला जवळ बोलावलं, माझा हात धरला आणि नळीवर ठेवला.

"इथं?"

"कोमट."

"पुढं?"

"कोमट."

"आता हितं?"

पट्टीच्या पलीकडे नळी गार होती. तिच्यावर दव धरलं होतं.

"डोळ्यानं बघू नको, हातानं बघ," ते म्हणाले. मग त्यांनी क्लॅम्प काढला, पट्टी सोडली. घडी दिसली. "कुणी केलं हे?" असं त्यांनी विचारलं नाही. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मीच म्हणालो, "माझ्याकडनं झालं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

नळी तिथे गार का, हे त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. त्या नळीतून दाबाखालचा द्रव जातो. तो खोलीत पोचल्यावर एका झडपेच्या बारीक छिद्रातून सुटायचा, त्याचा दाब उतरायचा, त्याची वाफ व्हायची आणि वाफ होताना तो खोलीतली उष्णता ओढून घ्यायचा. सगळी थंडी यायची ती अशी. माझ्या घडीने काय केलं? वाटेतच एक दुसरं बारीक छिद्र तयार केलं. द्रव तिथेच सुटला, तिथेच थोडी वाफ झाली, तिथेच गार झालं. खांबाला थंडावा मिळाला. दुधाच्या वाट्याला पुरेसा आला नाही. (तेव्हाच्या यंत्रांत आर-१२ नावाचा वायू असे. वातावरणातल्या ओझोनला तो मारक ठरला म्हणून पुढे तो बंद करण्यात आला.)

दुधाचे पैसे मिस्त्रींनी आपल्या मजुरीतून दिले. ते मला फार उशिरा कळलं, तेही मामाकडून. त्या दिवशी त्यांनी घडीचा तुकडा कापून काढला. अशी जागा ठोकून, फुगवून दुरुस्त होत नाही, तिथलं तांबं आधीच ताणून चिरायच्या बेतात असतं. त्यांनी नवी नळी टाकली. बाक स्वतः दिला. परत आल्यावर भंगाराच्या डब्यातून वीतभर, हातभर लांबीचे तुकडे काढले आणि माझ्यापुढे ओतले. "सुट्टी संपेपर्यंत हेच." मग मी सुट्टीभर तेच केलं, आणि आता जे सांगतो आहे ते तिथलं आहे.

पहिलं हत्यार, स्प्रिंग. पोलादी तारेची, वेटोळ्याला वेटोळं चिकटलेली. बारीक नळ्यांसाठी ती बाहेरून चढवतात. नळी स्प्रिंगच्या आत. स्प्रिंगचं एक तोंड कर्ण्यासारखं थोडं पसरट असतं, तिथून नळी शिरते. वाकवताना नळी चपटी व्हायला बघते, म्हणजे तिच्या दोन्ही कुशी बाहेर फुगायला बघतात. स्प्रिंग त्यांना फुगू देत नाही. कुशी फुगल्या नाहीत तर पोट आत जात नाही. इतकं साधं! मापाची स्प्रिंग मात्र हवी. चार सुतीची स्प्रिंग तीन सुती नळीवर चढवली तर ती फक्त शोभेला राहते.

जाड नळ्यांसाठी, त्या ब्रिटिश प्लंबरसारखी, स्प्रिंग आत घालतात. ती पोकळीच भरून टाकते. पण एक अडचण येते. नळी वाकली की स्प्रिंग आत घट्ट अडकते. (माझ्या दोन अडकल्या. मिस्त्रींनी नळी उभी कापून काढल्या, आणि मला एक शब्दही न बोलता स्प्रिंगची किंमत सांगितली.) यावर तीन युक्त्या आहेत. घालण्याआधी स्प्रिंगला तेलाचा हात लावायचा. बाक हवा त्यापेक्षा किंचित जास्त द्यायचा आणि मग तेवढाच मागे आणायचा, म्हणजे पकड सैल होते. आणि काढताना स्प्रिंग नुसती ओढायची नाही. तिची वेटोळी आवळतील त्या दिशेने पिळत पिळत ओढायची. आवळली की ती बारीक होते आणि सुटते. नळीच्या पार मध्यावर बाक असेल तर स्प्रिंगच्या टोकाला आधीच तार बांधून ठेवतात, नाहीतर ती बाहेर काढायची कशाने?

दुसरं हत्यार, बेंडर. हा खरा राजा. एक अर्धगोल चाक, त्याच्या कडेला खाच, आणि त्यावरून फिरणारा दांडा. खाच नळीच्या बरोब्बर मापाची. नळीचं अर्धं अंग खाचेत बसतं, उरलेलं अर्धं दांड्यावरच्या खाचेत. म्हणजे ज्या जागी नळी वाकतेय त्या जागी ती चारी बाजूंनी मुठीत आहे. दांडा पुढे जातो तशी ही मूठ पुढे सरकते. त्यामुळे हाताने कधीच जमणार नाही असा लहान बाक बेंडरने जमतो. तीन सुतीच्या बेंडरवर त्रिज्या अडीच सेंटिमीटरहूनही थोडी कमी असते! चाकावर अंश कोरलेले असतात. ४५ पाहिजे तर ४५, ९० पाहिजे तर ९०. पण दांडा सोडला की नळी अंश-दोन अंश मागे येते, ते धरून चालायचं.

बेंडर वापरताना नवशिक्याची नळी चिमटत नाही, ती चुकीच्या जागी वाकते. समजा कोपऱ्यापर्यंत ३० सेंटिमीटर हवेत. तुम्ही ३० वर खूण केली आणि वाकवली. मापलं तर भलतंच! कारण बाक कोपरा कापून जातो. ६० मि.मी. त्रिज्येचा बाक घेतला तर कोपऱ्यापर्यंत जाऊन वळायला १२० मि.मी. लागले असते, बाकाने ९४ तच काम भागवलं. २६ मि.मी. उरले. ते कुठेतरी दिसणारच. प्रत्येक बेंडरच्या खुणा वेगळ्या, म्हणून मिस्त्री नवीन बेंडर आणला की पहिल्यांदा एका फालतू तुकड्याला काटकोन देत, आधीचं आणि नंतरचं माप घेत, आणि फरक खडूने दुकानाच्या दारामागे लिहून ठेवत. अख्खं दार आकड्यांनी भरलेलं होतं.

आता एक विचित्र गोष्ट. दिलेला बाक आवडला नाही म्हणून मी नळी सरळ करून पुन्हा वाकवायला गेलो. नळी ऐकेना! तीच नळी, तेच हात, पण दुप्पट जोर लागला आणि पुन्हा चिमटली. मला वाटलं माझे हात दमले. हात दमले नव्हते, तांबं कडक झालं होतं.

तांब्याचे अणू आत रांगांनी, थराथरांनी मांडलेले असतात. वाकवताना हे थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून तर तांबं तुटत नाही, वळतं. पण प्रत्येक सरकण्याने आत थोडा थोडा गुंता होत जातो, मांज्याचा होतो तसा. गुंता वाढला की थर सरकेनासे होतात. म्हणून बाक एकदाच द्यायचा, मोजून द्यायचा. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथले कारागीर हाच कडकपणा मुद्दाम आणतात. बंब किंवा घंगाळ घडवून झालं की त्याच्या अंगावर हातोडीने शेजारी शेजारी ठोके देतात, त्याला मठारणे म्हणतात. ते चमचमणारे ठोके नुसते नक्षीसाठी नसतात. ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि भांड्याला सहजासहजी पोचा येत नाही. (उन्हाळ्यात झाडावरून टुक्-टुक्-टुक् करणाऱ्या हिरव्या पक्ष्याला तांबट म्हणतात तो याच ठोक्यांमुळे!)

आणि गुंता सोडवायचा कसा? तापवून. तांबं मंद लाल होईपर्यंत तापवलं की आत नव्याने मांडणी होते आणि ते पुन्हा लोण्यासारखं मऊ होतं. लाली मंदच हवी आणि ती उन्हात दिसत नाही, म्हणून हे काम सावलीत करतात. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं तर कडक होतं हे तुम्ही ऐकलं असेल. तांब्याचं तसं नाही. पाण्यात बुडवा, नाहीतर हवेत निवू द्या, ते मऊच राहतं. बाजारात सरळ काठ्यांच्या रूपात मिळणारी नळी कडक असते आणि गुंडाळीतली मऊ, त्याचं कारणही आता तुमच्या लक्षात आलं असेल.

हत्यार नसेल तेव्हाची जुनी युक्ती म्हणजे वाळू. एक टोक लाकडी खुंटीने बंद करायचं, बारीक कोरडी वाळू ठोकून ठोकून भरायची, दुसरं टोक बंद करायचं आणि वाकवायचं. पोटच रिकामं नाही तर चिमटणार काय? पण वाळू ओली असेल आणि नळी तापवली तर आत वाफ कोंडते आणि खुंटी गोळीसारखी सुटते. शिवाय फ्रिजच्या नळीला ही युक्ती मिस्त्री कधीच करू देत नसत. एक कण आत राहिला तरी झडपेचं छिद्र बुजतं. वाद्यं बनवणारे तर यावरही ताण करतात. तांबं आणि जस्त मिळून पितळ होतं. ट्रम्पेटसारख्या वाद्याच्या पितळी नळीत काही कारखान्यांत साबणाचं पाणी भरून गोठवतात आणि मग तिला बाक देतात. नुसत्या पाण्याचा बर्फ तडकतो, साबणाचा तेवढा तडकत नाही. काम झालं की वितळवून ओतून टाकायचा. वरातीतला बँड दिसला तर त्या वळणांकडे आता जरा निरखून बघा.

तुम्हाला घरी करून बघायचंय? बेंडर नको, काही नको. गवंडी पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक नळी हातभर घ्या. वाकवून कुठे चिमटते ते बघा, खूण करा. मग एक टोक बुचाने बंद करून तिच्यात कोरडं मीठ ठोकून भरा, दुसरं टोक बंद करा आणि पुन्हा वाकवा. किती जास्त वळते ते मला कळवा. दुसरा प्रयोग तांब्याच्या तारेचा. दोन मिलिमीटर जाडीची, वीतभर लांबीची सुटी तार इलेक्ट्रिशियनकडून मागून आणा. भिंतीतल्या किंवा बोर्डातल्या तारेला हात लावायचा नाही! एकाच जागी ती चार-पाच वेळा वाकवा आणि सरळ करा. कडक होत जाईल. मग घरातल्या मोठ्या माणसाला ती पकडीत धरून गॅसच्या ज्योतीवर मंद लाल करायला सांगा. निवल्यावर पुन्हा वाकवा.

फ्रिजच्या मागची नळी वाकवून बघायचा मोह मात्र आवरा. हल्लीच्या पुष्कळ फ्रिजांत आर-६००ए नावाचा वायू असतो आणि तो स्वयंपाकाच्या गॅससारखाच पेट घेतो. तिथे फक्त हात लावून बघा, कुठे कोमट लागतं आणि कुठे गार.

तो घडीचा तुकडा मिस्त्रींनी फेकला नव्हता. दुकानात शिरताना डाव्या हाताला खिळ्याला टांगून ठेवला होता. पुढच्या मे महिन्यात मी गेलो तेव्हाही तो तिथेच होता. एक नवीन पोरगा चहाचे पेले घेऊन उभा होता. त्याने मला विचारलं, "हे काय हाय हो?" मिस्त्री आतून म्हणाले, "त्यालाच सांगू दे."